कामापुरती रॅम

४ फेब्रुवारी, मंगळवार

डोकं फिरलंय म्हणून लिहायला बसलोय. बायको आतल्या खोलीत प्लास्टरचे जबडे पुसून ठेवतेय आणि मुद्दाम आवाज करतेय.

भांडण कॉम्प्युटरवरून झालं. हिने उभी हयात दातांच्या लॅबमध्ये काढली. मेणात दात कोरायचे, प्लास्टरचे साचे ओतायचे, कवळ्या घासून गुळगुळीत करायच्या. आता डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडात कॅमेरा फिरवतात आणि दात कॉम्प्युटरवर तयार होतात, म्हणून ती लॅब बंद पडली. मला वाटलं, आता ही घरी बसेल, मीही निवृत्त झालोय, दोघं निवांत राहू. पण हिने गुपचूप क्लास लावला आणि ते कॉम्प्युटरवरचं काम शिकून घेतलं. आता त्या लॅबला काम देणाऱ्या जुन्या डॉक्टरीणबाई हिला म्हणतात, ताई, घरी मशीन घ्या, मी स्कॅन पाठवते, तुम्ही दात बनवून फाईल पाठवा. कोरायचं यंत्र माझ्याकडे आहेच. उन्हाळ्यापर्यंत बघू, जमलं तर माझ्या दवाखान्याचं सगळं काम तुमचं.

इथवर माझी तक्रार नाही. पण मशीनमध्ये बत्तीस जीबी रॅम हवीच, असं बाईंनी बजावलंय. माझ्या घरात काय किती हवं हे त्या कोण ठरवणार?

मी कारखान्याचं स्टोअर सांभाळलंय. बोल्टापासून बेअरिंगपर्यंत कामापुरतं मागवायचं, संपत आलं की पुढचं मागवायचं, ही माझी पद्धत. रॅम काय असते तेही मी समजून घेतलंय. ते मशीनचं काम करायचं टेबल. टेबल मोठं असलं की एका वेळी जास्त पसारा मांडता येतो. पण टेबल लहान असलं की माणूस नीटनेटकं काम करतो, हे कुणी सांगत नाही.

मी म्हटलं, "आठ पुरे. लागली तर नंतर वाढवू."

"अहो, एकेक दात आठवर होईल. पण अख्खा जबडा आला तर? वरचा आणि खालचा दोन्ही एकदम उघडावे लागतात."

"आला तर बघू."

यावर हिने माझ्याकडे असं काही बघितलं, जशी मी शिवीच दिली असावी. नंतर वाढवू यात चुकीचं काय आहे? वाढवणार नाही असं म्हटलं का मी?

८ फेब्रुवारी, शनिवार

मशीन आणलं. दुकानदार चष्मा कपाळावर ठेवतो आणि दिवसभर शोधत बसतो. त्याने आधी बत्तीसची टकळी लावली. मी ऐकत नाही म्हटल्यावर खाली उतरला. "काका, मग निदान रॅमची आठची एकच पट्टी घ्या. बोर्डावर दोनच खाचा आहेत. एक रिकामी राहील, पुढे त्यात दुसरी बसवता येईल."

रिकामी खाच. मला हे शब्दच सहन होत नाहीत. स्टोअरमध्ये एक कप्पा रिकामा ठेवला की आठवड्याभरात तिथे कुणाचा तरी डबा, कुणाची तरी छत्री येऊन बसते. जागा आहे तर भरलेली हवी. मी म्हटलं, चारच्या दोन पट्ट्या घाला, बेरीज आठच होते.

"मग वाढवताना दोन्ही काढून टाकाव्या लागतील, काका."

"ते माझं मी बघेन."

त्याने हिच्याकडे बघितलं. ही दुकानातल्या पंख्याकडे बघत होती. अशा वेळी ही नेहमी पंख्याकडे बघते. हवं ते बोलून मोकळं व्हावं ना माणसाने! मला मूग गिळून बसणाऱ्या माणसांची चीड आहे.

मशीन जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर मांडलं. स्वतंत्र टेबल काम वाढल्यावर घेऊ.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कोण बरोबर होतं? काम सुरळीत चाललंय. दाढा, सुळे, एक कॅप, परवा तीन दातांचा ब्रिज. आठ जीबी गुमान काम करतेय. मी तसं बोलून दाखवलं तर ही म्हणाली, "हो, अजून तरी." हे अजून तरी कशाला जोडायचं?

मी हिच्या मागे खुर्ची टाकून बसतो. दात हवेत तरंगतो आणि ही तो गोल फिरवून सगळीकडून बघते, एखादा उंचवटा किंचित खाली दाबते. मधूनच माझ्याशी बोलणं विसरते. मी विचारलेलं ऐकूच येत नाही हिला. काल दोनदा विचारलं, चहा घेणार का, तर उत्तर नाही. मी एकट्यासाठी केला आणि एकट्याने प्यालो. राग येणार नाही का?

आज म्हणाली, "तुम्ही मागे बसलात की हात अवघडतो." घर माझंही आहे.

५ मार्च, बुधवार

अख्खा जबडा आला.

लहान मुलांना शिकवणाऱ्या एक बाई आहेत, अपघातात वरचे बहुतेक दात गेले. बोलताना तोंडावर हात धरतात. डॉक्टरीणबाईंनी हाडात स्क्रू बसवलेत, त्यावर हिने दात बनवायचे. एप्रिलमध्ये त्यांच्या शाळेचं नवं वर्ष सुरू होतं, तेव्हा बाईंना वर्गात उभं राहायचंय. डॉक्टरीणबाई हिला फोनवर म्हणाल्या, "ताई, हे जमलं की बाकी सगळं तुमचंच. मी दुसऱ्या लॅबला नाही म्हणून टाकते."

वरचा जबडा उघडला. खालचा उघडला, आणि मशीन थिजलं. पडद्यावर अर्धा जबडा आणि फिरणारं चाक. बंद केलं, चालू केलं, पुन्हा तेच. मी म्हटलं बाकी सगळं बंद कर. बाकी काही चालूच नव्हतं. मी म्हटलं आधी वरचा कर, मग खालचा कर. ही म्हणाली, "दात कशावर मिटणार ते दिसल्याशिवाय कसे बनवू?"

"पूर्वी मेणात करायचीस तेव्हा कुठे होती रॅम?"

"तेव्हा दोन्ही जबडे माझ्या हातात असायचे."

मला जास्तच राग आला. दार आपटून फिरायला गेलो आणि चुकीच्या चपला घालून गेलो, एक माझी आणि एक हिची.

७ मार्च, शुक्रवार

दुकानात गेलो. एकटाच गेलो. मी नंतर वाढवू म्हटलं होतं आणि वाढवतोय, शब्द पाळणारा माणूस आहे मी.

कपाळावरचा चष्मा म्हणाला, "दोन्ही जुन्या काढा आणि एकसारखी जोडी घाला. सोळा-सोळा." प्रत्येक दुकानदार जोडीच विकायला बघतो, चपलेपासून पट्टीपर्यंत. चांगल्या चालू असलेल्या पट्ट्या फेकून द्यायच्या? महिनाही झाला नाही त्यांना. मी म्हटलं, एकच जुनी काढा आणि तिथे आठची घाला. आठ आणि चार, बारा झाली.

"काका, कंपनी वेगळी, वेग वेगळा. चालेलही, पण रुसेल कधीतरी. मी जबाबदारी घेणार नाही."

"तुम्ही कशाचीच घेऊ नका."

घरी येऊन हिला सांगितलं, रॅम वाढवली. वेगवेगळ्या पट्ट्यांचं पुराण सांगत बसलो नाही. दोन्ही जबडे उघडले. हिचा चेहरा खुलला. मला म्हणाली, "बरं झालं हो." किती दिवसांनी काहीतरी बरं केलं मी या घरात. खोटं कशाला लिहू, आनंद झाला.

१० मार्च, सोमवार

मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होतं. शनिवारी एकदा, काल दोनदा, आज सकाळी. कसलीही पूर्वसूचना नाही. हिने अर्धा तास घालून बसवलेल्या दाढेचा पत्ता नाही.

वीज खालीवर होत असणार. वीजवाल्यांना फोन करून चांगलं झापलं. ते म्हणाले तुमच्या भागात काही अडचण नाही. असं कसं नाही?

संध्याकाळी लेकीचा फोन आला. आईने तिला सगळं सांगितलेलं दिसतंय. लगेच उलटतपासणी. "बाबा, तुम्ही दोन वेगळ्या पट्ट्या घातल्यात का?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्हाला ओळखते म्हणून विचारलं. ती जुनी काढून टाका, नाहीतर दोन्ही नव्या घ्या. आईचं काम बुडेल."

मी फोन ठेवला. मी पंचवीस माणसांच्या हाताला सामान पुरवलंय, एक दिवस काम थांबू दिलं नाही. लेक मला पट्ट्या शिकवते. आणि आईचं काम, आईचं काम. बाबांचं काम होतं तेव्हा फोन करून विचारलं होतं का कुणी?

हिला काहीच बोललो नाही. चालेल म्हणाला होता दुकानदार. चालेलही, असं म्हणाला होता.

१३ मार्च, गुरुवार

आज मी हिचं काम वाचवलं. कुणी मानणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

फाईल आज द्यायची होती. दुपारी हिने शेवटचा हात फिरवला, वरचे दात खालच्या दातांवर कसे मिटतात ते बसवलं, सेव्ह करायला गेली आणि मशीन बंद. ही दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "मी जरा मोकळ्या हवेत जाऊन येते. तुम्ही हात लावू नका. आल्यावर बघते काय उरलंय ते."

मी मशीन चालू केलं. सगळं उरलं होतं! प्रोग्रॅमने आपली आपण जपून ठेवलेली प्रत समोर आली, वरचे सगळे दात ओळीने, दिसायला सुरेख. मी हिच्या मागे बसून बघितलंय फाईल कशी पाठवतात ते. पाठवून दिली. वेळेच्या आत.

ही परत आली तेव्हा मी म्हटलं, "गेली फाईल. काही बुडालं नाही."

"कुठली गेली? मिटणं बसवलेली की आधीची?"

"होती ती गेली. दात आहेत सगळे त्यात."

ही तडक मशीनपाशी गेली. मशीन पुन्हा बंद पडलेलं. मग फोन करून आली आणि म्हणाली, दवाखान्यात कुणी उचलत नाही. आभार राहिले बाजूलाच. पुढे लिहायची इच्छा नाही.

१८ मार्च, मंगळवार

घरात कुणी कुणाशी बोलत नाही.

हिने दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला तेव्हा दात कोरून झाले होते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या बसवून तर बघू. काल शाळेच्या बाईंना बसवून बघितले. तोंड मिटत नाही. मागच्या दाढा एकमेकींवर आदळतात आणि पुढचे दात उघडेच राहतात. बाई खुर्चीतच रडायला लागल्या. डॉक्टरीणबाई हिला इतकं बोलल्या की फोनमधून मला समोरच्या खोलीत ऐकू येत होतं. अशा कामाला घरी मशीन ठेवून काय उपयोग, म्हणाल्या.

मी फोन हिसकावून घेऊन चार शब्द सुनावणार होतो. हिने हात वर करून मला थांबवलं, रस्त्यावरची वाहनं थांबवतात तसं. आणि फोनवर म्हणाली, "चूक माझ्याकडून झाली. मी बघून पाठवायला हवी होती."

माझं नाव घेतलं नाही. मला सांगायचं होतं, पाठवली मी, हो, पाठवली, वेळेत व्हावं म्हणून पाठवली. पण हिने ती संधीही ठेवली नाही. मला खोट्या मोठेपणाचा संताप येतो. सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घ्यायचं आणि समोरच्याला उभ्या उभ्या लहान करायचं.

२० मार्च, गुरुवार

हिने मशीन पुसलं, त्यावर चादर टाकली आणि माळ्यावरून मेण वितळवायचा दिवा आणि जुनी हत्यारं काढायला लावली. माळ्यावर मीच चढलो.

डॉक्टरीणबाईंकडून प्लास्टरचे दोन्ही जबडे आणलेत. जेवणाच्या टेबलावर हिने सगळं टेबलभर मांडलंय, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. मेणाचा वास घरभर. हातात दोन्ही जबडे धरते, मिटवते, कानाजवळ नेते, टक् आवाज ऐकते, पुन्हा थोडं खरवडते. शाळेच्या बाईंना निदान तात्पुरते दात मिळावेत, शाळा चुकू नये, असं म्हणाली. मला नाही म्हणाली, फोनवर लेकीला म्हणाली.

मी आज मागे बसलो नाही. दाराशी उभा राहिलो. मला कशाचा राग आलाय तेच आज कळत नव्हतं.

२५ मार्च, मंगळवार

दात बसले. शाळेच्या बाईंनी आरशात बघितलं आणि तोंडावरचा हात काढला म्हणे. ही सांगत होती तेव्हा हिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "बघ, रॅमशिवाय झालं." चुकीच्या वेळी बोललो असेन, पण खोटं काय होतं त्यात?

मग खरी गोष्ट बाहेर आली. डॉक्टरीणबाईंनी हिला दवाखान्यातच बोलावलंय. मागची खोली रिकामी करून देतायत. मोठा पडदा, मोठं मशीन, चौसष्ट जीबी. घरून काम नको, इथे येऊन बसा, ताई, हाताचं आणि मशीनचं दोन्ही तुम्हाला येतं, अशी माणसं मिळत नाहीत. आणि ही हो म्हणून आली. मला न विचारता.

अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "आणि हे मशीन? मी एवढी धावपळ केली ती कुणासाठी? जमत नव्हतं तर सांगायचं, अजून वाढवली असती."

ही माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. मग जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे उद्या मला कुणी म्हणायला नको की मी बदलून सांगतो.

"तुम्ही वाईट नाही हो. पण तुम्ही मला सगळं हातचं राखून दिलंत. स्वयंपाकघरात ओटा लहान केलात, म्हणालात नंतर वाढवू. मला गाडी शिकायची होती, म्हणालात नंतर. मला दुसरं मूल हवं होतं. तेव्हाही तुम्ही म्हणालात, आत्ता एक पुरे, नंतर बघू. मी बेचाळीस वर्षांची झाल्यावर विचारायचं सोडून दिलं. तुम्हाला तर कळलंही नाही की मी विचारणं थांबवलंय."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं. मी एवढंच म्हणालो, "याचा रॅमशी काय संबंध?"

ही उठून भांडी घासायला गेली.

खरंच, काय संबंध? मी रात्रभर, म्हणजे झोप लागेपर्यंत, हाच विचार करणार आहे. विषय रॅमचा चालू होता.

१ एप्रिल, मंगळवार

आजपासून जायला लागली. डबा घेऊन, केस नीट बांधून. मलाही जेवण झाकून ठेवलं होतं. ते खाल्लं नाही, बाहेर जाऊन काहीतरी खाल्लं, पोट बिघडलं. डॉक्टरीणबाईंनी माझी बायको पळवली, सरळ सरळ पळवली, आणि सगळे म्हणणार किती चांगल्या बाई आहेत.

४ एप्रिल, शुक्रवार

सोक्षमोक्ष लावायचा म्हणून दुकानात गेलो. सोळाच्या दोन पट्ट्या घेतल्या, एकसारख्या, एका कंपनीच्या. बत्तीस. दुकानदार एक शब्दही बोलला नाही, तरी मला त्याचा राग आला. बोलला असता तरी आला असता.

मशीन काय चालतंय! चादर काढल्यापासून एकदाही बंद पडलं नाही. हिच्या प्रोग्रॅममध्ये ती शाळेच्या बाईंची फाईल उघडली. वरचा जबडा, खालचा जबडा, दोन्ही क्षणात. बोटाने फिरवले तर लोण्यासारखे फिरतात. मी फिरवत बसलो, मला त्यातलं काही येत नाही.

संध्याकाळी हिला दाखवलं. हात पुसत आली, बघितलं, म्हणाली, "छान झालं." आणि जेवणाची तयारी करायला गेली. मी मागे मागे गेलो. म्हटलं, "आता इथे करता येईल काम. टेबलही मोठं घेऊ. उद्या घेऊ."

"तिथे बरं चाललंय हो. हे तुम्ही वापरा."

मी काय वापरू? मला कोणते दात बनवायचेत? बत्तीस जीबीत मी बोल्टांच्या नोंदी करू? एवढा संताप आला, आणि ओरडायला समोर कुणी नव्हतं. म्हणजे ही होती. पण ओरडावंसं वाटलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

आज दवाखान्यात जाऊन आलो. हिला सांगायचं होतं की टेबल बघून ठेवलंय, खिडकीएवढं लांब. फोनवर सांगता आलं असतं. तरी गेलो.

बाकावर पेशंट बसले होते, त्यांच्यात बसलो. मागच्या खोलीच्या दाराला काच आहे. ही दिसली. पाठ माझ्याकडे होती. पडदा भिंतीएवढा, त्यावर अख्खा जबडा, आणि ही तो एका बोटाने फिरवत होती. शेजारी डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्या काहीतरी म्हणाल्या आणि ही हसली. मान मागे टाकून हसली. मी इतकी वर्षं हिच्यासोबत काढलीत, मला ठाऊक नव्हतं ही अशी हसते. कधीपासून हसते अशी? की पूर्वीही हसायची आणि मग राहिलं?

फार वाईट वाटलं. हे लिहायला नको होतं, पण वाटलं.

तेवढ्यात काउंटरवरची बाई ठणठणीत आवाजात म्हणाली, "आजोबा, तुम्हाला काय त्रास होतोय?"

सगळे पेशंट बघायला लागले. आजोबा म्हणे. आम्हाला नातवंड नाही अजून, मग मी कुणाचा आजोबा? चिडून सांगणार होतो की आत बसलीय ती माझी बायको आहे. तोंड उघडलं आणि म्हणालो, "दाढ दुखतेय."

एकही दाढ दुखत नाही माझी.

तिने विचारलं, कुठली, वरची की खालची, किती दिवसांपासून. मी म्हटलं, खालची, बरेच दिवस झाले. तिने गुरुवारी सकाळची वेळ दिली आणि म्हणाली, आधी आमच्या ताई स्कॅन करतील, मग डॉक्टर बघतील.

घरी आलो. ही आल्यावर काही बोललो नाही. गुरुवारी जाणार आहे.